कोंबड्यांसाठी शिंपल्याचा चुरा: माल बरा, खरं परत विकत घेणार नाही

निकाल आधीच सांगून टाकतो, कोंबड्यांच्या बाजूनं चार स्टार, माझ्या बाजूनं दोन. हे दोनच का, ते सांगायला जरा लांबड लागणार आहे, तर ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ खाली जाऊन वापरायचं कसं तेवढं वाचून घ्या.

पाच किलोची पिशवी घेतली. वर निळाशार समुद्राचा फोटो, त्यात उघडा शिंपला आणि शिंपल्यात टपोरा मोती, खाली ‘१०० टक्के ऑयस्टर शेल, हाय कॅल्शियम’ असं छापलेलं. (ऑयस्टर म्हणजे आपलं कालव. मोत्याचं कालव वेगळ्या कुळातलं, खायचं कालव वेगळं, तर त्या फोटोचा आतल्या मालाशी काही संबंध नाही, खरं असू दे.) बेळगावात रविवार पेठेकडं पशुखाद्याची दुकानं आहेत त्यातल्या एकातून आणली. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, ब्रँडचंही नाही, कारण आजूबाजूला बघितलं तर सगळीकडं तोच माल, पिशवीवरची प्रिंट तेवढी वेगळी. दुकानदाराला ‘शेल ग्रिट’ म्हटलं की लगेच कळतं, शिंपल्याचा चुरा म्हटलं तर तो आधी तुमच्याकडं बघतो आणि मग म्हणतो, ‘ग्रिट पायजे काय? तसं सांगा की ओ.’

आमचं घर उचगावच्या बाजूला, परसात थोड्या गावठी आणि काही गिरिराज. गिरिराज अंडी बऱ्यापैकी देतात खरं पावसाळ्याच्या तोंडाला अंड्याचं कवच इतकं पातळ यायला लागलं की खुराड्यातून काढताना बोटात फुटायचं, एकदोन तर नुसती पापुद्र्याची, कवचच नाही. कोंबडीच्या अंड्याचं कवच म्हणजे ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, एका अंड्यामागं साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम तिच्या अंगातून जातं, आणि कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात त्यातले बरेचसे रात्रीचे. रात्री कोंबडी खात नाही. म्हणून मोठा तुकडा चांगला, तो पोटातल्या दगडीत अडकून बसतो आणि सावकाश विरघळत रात्रभर कॅल्शियम पुरवतो, पीठ दिलं तर ते संध्याकाळीच निघून जातं. हे सगळं खरं आहे आणि या मालानं ते काम केलं, थोड्याच दिवसांत अंडी टणक यायला लागली. चार स्टार त्याचे.

आता तक्रारी. एक तर धूळ. पिशवीच्या तळाला पीठच पीठ, चाळणीनं चाळलं तर बराच भाग खाली गेला, आणि आपण पैसे तर तुकड्यांचे दिलेत. वाळू पण आहे. काही तुकडे इतके धारदार की चाळताना बोट कापलं. वासाचं म्हणाल तर पिशवी उघडल्या उघडल्या सुक्या मासळीच्या गल्लीत गेल्यासारखं वाटतं, कॅम्पातल्या फिश मार्केटची सवय असणाऱ्यांना काही नाही खरं आमच्या घरात माळकरी मंडळी आहेत, पिशवी सरळ गोठ्यात ठेवायला लागली. आणि पिशवीवर माल कुठला हे कुठंच नाही. कारवारचा, गोव्याचा, केरळचा, गुजरातचा, काही नाही. पॅकिंग कुणी केलं तेवढा पत्ता आहे.

हे ‘कुठला’ मला सुद्धा सुचलं नसतं. झालं असं की भाचा आलेला. तो कारवारला असतो, कोडीबागला धारवाड युनिव्हर्सिटीचा मरीन बायोलॉजीचा विभाग आहे तिथं एमएससी करायलाय. मी परसात चाळत बसलेलो, हा पण बसला शेजारी आणि लागला तुकडे निवडायला, जशी घरातली बाई तांदूळ निवडते तशी. थोड्या वेळानं दोन ढीग केलेन. म्हणाला, ‘मामा, ह्यातलं निम्मं कालव नाहीच. ह्या तिसऱ्या, ह्या खुब्या, हा कसला तरी गोगलगायीचा शंख. शंभर टक्के कुठलं आलं?’ कोंबडीला काय फरक पडतो म्हणा, कॅल्शियम ते कॅल्शियम, खरं छापलंय ते खोटं आहे हे नक्की.

मग त्यानं एक मोठा तुकडा माझ्या हातात दिला. जाड, खडबडीत, कालवाचाच. त्याच्या आतल्या गुळगुळीत बाजूला नखाएवढं दुसरं एक छोटं कवच चिकटलेलं, आधी मला वाटलं घाण आहे, नखानं खरवडलं तर निघेना. म्हणाला, ‘ते पिल्लू हाय. मेलेल्या कालवाच्या शिंपल्यावर बसलेलं नवं कालव.’

तिथून जे सुरू झालं ते जेवणापर्यंत. आईनं दोनदा हाक मारली तरी हा उठेना. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो.

कालवाची मादी एका वेळेला लाखो-कोटींनी अंडी पाण्यात सोडते, नर बीज सोडतो, जे काय व्हायचं ते पाण्यातच. (आणि यातली बरीच कालवं आधी नर असतात, मोठी झाल्यावर मादी होतात, हे ऐकून आमची आई म्हणाली ‘काय एकेक ऐकावं लागतंय’.) अंड्यातून जी अळी निघते ती दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत फिरते, मग तिला एक डोळ्यासारखा ठिपका येतो आणि एक छोटा पाय फुटतो, त्या पायानं ती तळाला चाचपत जाते आणि कडक जागा सापडली की स्वतःला चिकटवून घेते. एकदा चिकटली की विषय संपला, पुढं आयुष्यभर जागा बदलता येत नाही. आता खाडीत कडक जागा कुठं असते? सगळा चिखल. चिखलात बसली तर गुदमरून मरते. खडक आहे तिथं ठीक, कोकणच्या किनाऱ्यावर खडकाला जी कालवं असतात ती बायका ओहोटीला जाऊन फोडून आणतात, त्यात बऱ्याचदा वरचं झाकण फोडून मांस काढून घेतात आणि खालची शिंपी खडकालाच राहते. खरं नदीच्या मुखाशी, जिथं गोडं-खारं पाणी मिसळतं, तिथं खडक कमी आणि गाळ जास्त, तिथं कालवाला बसायला सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे आधीच्या कालवांचे शिंपले. आजोबाच्या पाठीवर बाप, बापाच्या पाठीवर पोरगा, असे थरावर थर चढत जाऊन मोठा बांध तयार होतो, त्याच्या फटीत खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं राहतात, लाटेचा जोर त्यावर मोडतो.

तर हे थर उपसले की काय होतं ते अमेरिकेत झालंय. तिकडं चेसापीकची खाडी आहे, एकोणिसाव्या शतकात तिथं लोखंडी दाताळी ओढून ओढून कालवं काढली, शिंपल्यासकट, वरनं प्रदूषण झालं, रोग आले, आता पूर्वीच्या मानानं साधारण एक टक्काच कालवं उरलीत असं सांगतात. न्यूयॉर्कच्या बंदरात तर इतकी कालवं होती की गरिबाचं खाणं होतं ते, १९२७ पर्यंत घाण पाण्यामुळं तिथली शेवटची कालवाची जागासुद्धा बंद करायला लागली. जगभरचा हिशोब २०११ साली शास्त्रज्ञांनी मांडला होता, कालवांचे ८५ टक्के बांध गेलेले. प्रवाळाबद्दल सगळे बोलतात, टीव्हीवर रंगीत दिसतं म्हणून, कालव दिसायला दगडासारखं, त्याच्यासाठी कोण रडणार.

आणि कालव नुसतं बसून राहतं असं नाही, खाण्यासाठी सारखं पाणी आत ओढतं, त्यातलं शेवाळ-बिवाळ गाळून घेतं आणि पाणी बाहेर सोडतं. अमेरिकेतलं मोठं कालव सगळं जमून आलं तर दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं, एरवी त्याच्यापेक्षा कमी, थंडीत तर अजूनच कमी, हे भाच्यानंच सांगितलं, म्हणजे नुसता मोठा आकडा फेकून गप्प बसला नाही हे मला आवडलं.

आता माझ्या पिशवीशी संबंध असा. न्यूयॉर्कात २०१४ पासून एक प्रकल्प चालू आहे, बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट, २०३५ पर्यंत शंभर कोटी कालवं बंदरात परत सोडायची असं ठरवलंय. ते लोक काय करतात, तर हॉटेलांतून खाऊन टाकलेले शिंपले गोळा करतात. होय, उष्टे शिंपले. ते गव्हर्नर्स आयलंड म्हणून बेट आहे तिथं उघड्यावर उन्हापावसात वर्षभर ठेवतात म्हणजे राहिलेलं मांस, रोगजंतू सगळं संपतं, मग टाकीत अळ्या सोडून त्या शिंपल्यावर बसवतात आणि ते शिंपले खाडीत नेऊन सोडतात. शाळेतली पोरं पण कामाला असतात. चेसापीकमध्ये हॅरिस क्रीक म्हणून एक फाटा आहे तिथं साधारण ३५० एकरांवर असंच केलं, दोन अब्जांहून जास्त पिल्लं सोडली, आणि तिथं शिंपले पुरेनात म्हणून काही ठिकाणी दगड टाकायला लागले. परत वाचा, शिंपले पुरेनात. तिकडं शिंपल्याला गिऱ्हाईक आहे आणि इकडं आपण तोच शिंपला पोत्यात भरून घाटावर आणतोय आणि कोंबड्यांना घालतोय.

आपल्याकडं या विषयातलं काम नाही असं नाही. सीएमएफआरआय म्हणून समुद्री मासळीवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, त्यांनी तुतिकोरिनला सत्तरच्या दशकातच कालवाच्या शेतीचे प्रयोग केले, पुढं केरळात अष्टमुडी तलावात गावातल्या बायकांनी ती शेती उचलली. तिथं रिकाम्या शिंपल्यांना भोक पाडून दोरीत ओवतात, त्या माळेला रेन म्हणतात, बांबूच्या मांडवाला टांगून पाण्यात सोडतात आणि नव्या अळ्या येऊन त्यावर बसतात. म्हणजे बी पेरायला सुद्धा जुनाच शिंपला लागतो. आणि त्याच केरळात वेंबनाडच्या तळातला शिंपला उपसून पांढरं सिमेंट पण केलंय. कुमट्याजवळची अघनाशिनी, जिथं गावंच्या गावं ओहोटीला तिसऱ्या वेचून पोट भरतात, ती २०२४ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. चांगलं झालं. खरं खाडीच्या तळातला जुना शिंपला उपसून विकायचा धंदा आपल्या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे, पूर्वी चुनाभट्टीला जायचा (आपल्या पानाला लागणारा चुना कशाचा वाटला?), नंतर कारखान्यांना आणि कोंबडीखाद्याला. माझ्या पिशवीतला माल हॉटेलच्या उष्ट्यातला की तळातनं उपसलेला ते पिशवीवर नाही आणि दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘समुद्रातनं येतंय बघा.’ एवढं मला पण माहीत होतं.

कुणी म्हणेल बेळगावात बसून तुला काय करायचंय खाडीचं. तर आपली म्हादई उगवते कुठं? खानापूर तालुक्यात, देगावला. तेच पाणी खाली गोव्यात मांडवी होतं. मांडवीच्या मुखाशी जे गोडं-खारं मिसळतं, कालवाला लागतं तसं, त्यातलं गोडं आपल्याकडनंच जातं. त्या पाण्यावरनं आपण किती वर्षं भांडलो, २०१८ ला लवादानं निकाल दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गल्लीगल्लीत त्यावर चर्चा झाल्या खरं त्या पाण्याच्या टोकाला काय जगतं हे चहाच्या टपरीवर मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. पावसाळ्यात पाणी फार गोडं झालं की कालव झाकण घट्ट मिटून गप्प बसतं, वाट बघतं, फार दिवस लागले तर मरतं. आणि पाणी वरनं फारच कमी आलं तर खारेपणा वाढतो, मग कालव पोखरणारे किडे आणि खाणाऱ्या गोगलगायी येतात. दोन्हीकडनं मार.

मी भाच्याला म्हटलं, सोपं आहे की मग. चोर्ल्यातनं आणि आंबोलीतनं मासळीच्या गाड्या भरून येतात आणि रिकामे क्रेट घेऊन परत जातात. बेळगावच्या हॉटेलांत तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपले कचऱ्यात जातात, ते धुऊन त्याच गाडीत परत पाठवायचे. एवढा हसला तो. एक तर बेळगावात कालवं खाणारे किती, तिसऱ्यांचे शिंपले पातळ आणि बारीक, ते चिखलात लगेच बुडतात, कालवासारखा ढीग उभा राहत नाही. दुसरं, नुसते नेऊन टाकले तर कुजकं मांस आणि एका खाडीतला रोग दुसऱ्या खाडीत, आणि परवानगी कोण देणार. आणि तिसरं म्हणजे आधी बघायला पाहिजे तिथं कमी काय आहे. पाण्यात अळ्या भरपूर आहेत पण बसायला जागा नाही असं असेल तर शिंपले टाकून उपयोग. अळ्याच नसतील तर डोंगराएवढे शिंपले टाका, नुसता ढीग होणार. हे बघायची पद्धत म्हणजे शिंपल्याच्या माळा हंगामात पाण्यात टांगून ठेवायच्या आणि किती पिल्लं बसतात ते मोजायचं, मोजायचं म्हणजे भिंग घेऊन एकेक. त्याला पुढं हेच कारवारच्या काळी नदीच्या मुखाशी करायचंय म्हणे, गाईड काय म्हणतात बघू. मला हे पटलं. आपण लोक डायरेक्ट वृक्षारोपणासारखा फोटो काढून मोकळे होतो, आधी मोजणारा माणूस दुर्मिळ.

आता मुद्द्याची गोष्ट, कोंबड्यांना मग घालायचं काय. चुनखडीचं ग्रिट घाला. आपल्याच जिल्ह्यात गोकाककडं यादवाडला चुनखडी निघते म्हणून तिथं सिमेंटचा कारखाना आहे, पलीकडं बागलकोट-लोकापूरला तर विचारूच नका. शिंपला आणि चुनखडी दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. मोठ्या दाण्याची चुनखडी दिली तर कवचात फरक पडत नाही असं पोल्ट्रीवाल्यांच्या अभ्यासातही आलंय, मी पण एका भांड्यात शिंपला आणि दुसऱ्या भांड्यात चुनखडी ठेवून बघितलं, कोंबड्यांनी दोन्ही खाल्लं, अंडी दोन्हीत टणक. चुनखडी स्वस्त पडली आणि वास नाही. एकच की दुकानदार ‘एलएसपी’ (लाइमस्टोन पावडर) म्हणून पीठ पुढं करतो, ते घेऊ नका, ‘लेअरचं मोठं, दोन ते चार एमएमचं’ असं सांगून मागा.

इथं भाच्याला मी एक टोला दिला. म्हटलं अमेरिकेत शिंपले कमी पडले म्हणून दगड टाकतात ना, मग इकडची चुनखडी खाडीत टाका आणि शिंपला राहू दे आमच्या कोंबड्यांना. तर म्हणाला, ‘मामा, यादवाडचा दगड कारवारला न्यायचा आणि कारवारचा शिंपला बेळगावला आणायचा, डिझेल कोण भरणार?’ यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आईनं तिसऱ्यांदा हाक मारली आणि जेवायला बसलो.

बागवाल्यांसाठी पण लिहितो कारण दुकानदार हाच माल टेरेस गार्डनवाल्यांना पण खपवायलाय. खानापूर, जांबोटी, आमच्या पश्चिम पट्ट्याची लाल माती पावसानं धुऊन आंबट झालेली असते, तिथं बारीक चुरा थोडाफार चालेल, सावकाश का होईना. तुम्ही सौंदत्ती, अथणी, गोकाककडच्या काळ्या मातीवाले असाल तर पैसे घालवू नका, तुमच्या मातीत चुना आधीच भरपूर आहे, वरनं अजून घातलात तर पानं पिवळी पडतील, लोह उचलणार नाही झाड.

आणि ज्यांनी पिशवी घेतलीच आहे त्यांनी एवढं करा. चाळून घ्या, धूळ वेगळी काढा, ती लाल मातीच्या कुंडीत जाऊ दे. तुकडे पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, मीठ आणि वास दोन्ही कमी होतं. मॅशमध्ये (दळलेल्या खाद्यात) मिसळू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला लागतं ती कोंबडी आपणहून खाते, खुडूक बसलेली तोंड पण लावत नाही. अंड्यावर न आलेल्या तलंगांना आणि पिल्लांना अजिबात नको, जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची किडनी जाते. घरातली अंड्याची टरफलं तव्यावर भाजून, चुरून दिली तरी चालतात आणि ती फुकट आहेत, फक्त अख्ख्या अंड्यासारखी दिसू देऊ नका, नाहीतर कोंबडीला स्वतःची अंडी फोडून खायची खोड लागते आणि ती खोड जात नाही.